टपालरावाला पासवर्ड कुणी सांगितला?

आत्या समुद्राच्या तळाशी होती. पास्कूकाका डेकच्या पलीकडच्या टोकाला कप्पीपाशी उभा होता. चारू कठड्यातून पाय बाहेर सोडून बसली होती. म्हणजे संगणकापाशी माणूस म्हणावं असं कुणीच नव्हतं. तरीही आत ‘टिंग’ असं वाजलं आणि आत्याचं टपाल उतरलं.

चारूनं मान वळवून खोलीत पाहिलं. कोपऱ्यात टपालराव उभा होता. तीन चाकांवर बसवलेला लालभडक डबा, डोक्यावर छत्रीसारखी ॲंटेना आणि पोटात संगणक. त्यानं बोटसुद्धा हलवलं नव्हतं. अर्थात, त्याला बोटं नव्हतीच.

“चारूताई, टपाल आलं. हवामान कचेरीचं पत्र त्यात नाही,” तो अदबीनं म्हणाला.

“कळलं,” चारू म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करून बसली. ती अदबच तिच्या डोक्यात जात असे. उद्धट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून खूप दूर, भर समुद्रात, पाण्याखाली आंग्रिया नावाचं एक पठार आहे. आज तिथे गेलात तर वर नुसतं पाणीच दिसेल. पण ही गोष्ट आणखी काही वर्षांनंतरची आहे. तेव्हा तिथे लोखंडी पायांवर उभं असलेलं एक छोटं स्टेशन होतं आणि त्यावर डॉ. शैला मयेकर, म्हणजे चारूची आत्या, प्रवाळांची (समुद्रात वसाहत करून राहणाऱ्या इवल्या जीवांची) रोपवाटिका चालवत होती. रोज सकाळी काचेच्या घुमटाच्या पाणबुडीत बसून ती खाली जाई. पास्कूकाका तारेनं तिला उतरवी आणि वर ओढी. तारेतूनच फोनही होता. चारू दर मे महिन्यात इथे येत असे.

इथे इंटरनेट चोवीस तास नव्हतं. उपग्रह डोक्यावरून जाई तेवढाच वेळ ॲंटेनावरचा हिरवा दिवा लागे. तेवढ्यात आलेलं टपाल उतरवायचं, लिहिलेलं पाठवायचं, की पुढच्या खेपेपर्यंत सगळं शांत.

आणि चारूचं दुखणं नेमकं इथेच होतं.

गेल्या वर्षी हे काम तिचं होतं. हिरवा दिवा लागला की ती ओरडायची, “आत्या, दिवाऽऽ!” मग आत्या असेल तिथून, ओल्या पायांनी धावत यायची, खुर्चीत बसायची आणि म्हणायची, “चारू, डोळे मीट.” चारू दोन्ही हातांनी डोळे घट्ट झाकायची. खटखट खटखट. “उघड.” आणि टपाल आलेलं असायचं. शाळेत तिनं मैत्रिणींना सांगितलं होतं, की आत्याचं टपाल मीच आणते. थोडं वाढवूनच सांगितलं होतं, पण फार नाही.

या वर्षी ती आली तर तिच्या जागी हा डबा. दिवा लागला की तो कुणाला हाकही मारत नाही. आत्या पाण्याखाली असो की जेवत असो, टपाल आपलं येतच असतं. आणि आत्या वर आली की ओला हात त्याच्या पत्र्यावर थोपटून म्हणते, “शाब्बास टपालराव!”

माणसं शाब्बासकी मोजत नाहीत, असं म्हणतात. चांगली मोजतात. आपल्याला मिळालेली विसरतात आणि शेजाऱ्याला मिळालेली जपून ठेवतात. चारूही जपून ठेवत होती. शाब्बासकी खर्च केली तर संपते, अशी तिची समजूत असावी; डब्याला दिली म्हणजे तेवढी आपली कमी झाली.

पण त्याहून मोठा सल वेगळा होता. टपाल सांभाळणारा किनाऱ्यावरचा सर्व्हर (सगळ्यांच्या टपालपेट्या ठेवणारा मोठा संगणक) पासवर्ड विचारल्याशिवाय पेटी उघडत नाही, हे चारूला पक्कं माहीत होतं. दर वेळी विचारतो. मग आत्या पाण्याखाली असताना त्याला पासवर्ड कोण सांगतं?

टपालरावच सांगत असणार. म्हणजे आत्यानं टपालरावाला पासवर्ड सांगितला होता.

आणि चारूला मात्र डोळे मिटायला लावलं होतं!

“काय गो चेडवा, तोंड कित्याक फुगवलंस?” पास्कूकाकानं पलीकडून विचारलं. तो मालवणचा. दुसऱ्याचं तोंड फुगलेलं त्याला आपल्या जाळ्यातल्या माशापेक्षा लवकर दिसे.

“काही नाही.”

“त्या लाल डब्याचो राग इलो काय?”

“राग कशाला येईल? डबाच तर आहे!” चारू म्हणाली. हे ती इतक्या जोरात म्हणाली, की पास्कूकाकाला उत्तर मिळालं.

त्या दुपारी आत्या वर आल्यावर चारूनं सरळच विचारलं, “आत्या, तुझा पासवर्ड मला सांगतेस?”

“नाही,” आत्या केस पुसत म्हणाली. “टॉवेल दे तो दुसरा.”

“मी कुणाला सांगणार नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काय? तरी नाही.” आत्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि जाता जाता टपालरावाच्या पत्र्यावर हात ठेवला. “काय टपालराव, सगळं ठीक?”

मला टपली आणि त्याला हात! चारूनं हेही जपून ठेवलं.

मग तिनं टपालरावालाच गाठलं. “आत्याचा पासवर्ड काय आहे रे?”

“मला माहीत नाही, चारूताई.”

“खोटारडा! मग टपाल कसं आणतोस?”

“विचारून.”

“कुणाला?”

“राखणदाराला.”

राखणदार? स्टेशनवर तीन जीव आणि हा डबा. राखणदार कुठून आला? हा शिकवलेला पोपट आहे, असं चारूनं ठरवलं. पण आता तिला थांबवत नव्हतं. शाळेत शिकवलं होतं, की कुठल्याही प्रोग्रामनं कसं वागायचं ते त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये (प्रोग्रामला दिलेल्या सूचनांच्या मजकुरात) लिहिलेलं असतं. तिनं टपालरावाचा पडदा उघडला, फाइल शोधली. सर्व्हरचं नाव होतं. आत्याचा पत्ता होता. आणि त्याखाली चक्क ‘पासवर्ड’ हा शब्द होता! चारू पडद्याजवळ सरकली. पुढे लिहिलं होतं: राखणदाराला विचार.

“एवढंच?” चारूला हसू आलं. एवढा सोपा पासवर्ड! पुढचा हिरवा दिवा लागल्याबरोबर तिनं सर्व्हरच्या पानावर आत्याचा पत्ता घातला आणि टाइप केलं, राखणदाराला विचार.

सर्व्हरनं सांगितलं, पासवर्ड चुकीचा आहे.

“चारूताई, ती सूचना आहे,” मागून टपालराव म्हणाला. “पासवर्ड नाही.”

आपली फजिती होताना पाहणारा कुणी असला की फजिती दुप्पट होते. तो पाहणारा आपला शत्रू असला तर विचारूच नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या घाईत होती. चहाचा कप हातात घेऊन ती टपालरावापुढे जरा वेळ पाठमोरी उभी राहिली, काहीतरी टाइप केलं आणि पाणबुडीकडे निघाली. असं ती रोज करत असे. चारूला वाटे, त्याची विचारपूस करते.

“चारू, आज नीट ऐक,” आत्या म्हणाली. “हवामान कचेरी गरम पाण्याच्या एका पट्ट्यावर नजर ठेवून आहे. तो आपल्याकडे वळला तर त्यांचं पत्र येईल. पत्र आलं की लगेच मला खाली फोन कर. मी रोपांवर सावलीची जाळी ओढून घेईन. गरम पाणी आणि वरून कडक ऊन, दोन्ही एकदम आलं तर प्रवाळ पांढरे पडतात. मरतातसुद्धा.”

“माझी ओळपण?”

“तुझी तर टोकाची. तिला आधी लागेल.”

गेल्या वर्षी चारूनं स्वतःच्या हातांनी प्रवाळाचे तुकडे मातीच्या चकत्यांवर बांधले होते. ती ओळ तिच्या नावाची होती. हे काम महत्त्वाचं होतं, यात शंका नव्हती. पण मत्सराची एक खोड असते. तो सोन्याचं नाणं हातात दिलं तरी आधी शेजाऱ्याच्या मुठीत काय आहे ते बघतो. चारूच्या मनात आलं, पत्र आणायचं मोठं काम त्याला आणि निरोप सांगायचं हलकं काम मला!

पाणबुडी खाली गेली. कप्पीची करकर थांबली. चारू टपालरावासमोर उभी राहिली. तिला एक युक्ती सुचली होती.

घरचा संगणक बंद करून पुन्हा चालू केला की तो नव्यानं पासवर्ड विचारतो. मग हा डबाही बंद करून चालू केला तर? त्याला पासवर्ड पुन्हा घालावाच लागेल, आणि या वेळी मी पडद्यासमोर उभी असेन. डोळे उघडे ठेवून!

तिनं त्याच्या पाठीमागच्या बटणाकडे हात नेला. “चारूताई, माझ्या पाठीमागे—” टपालराव म्हणाला.

खट्. टपालरावाच्या पोटावरचा लाल दिवा विझला. चारूनं जरा थांबून बटण पुन्हा दाबलं. टपालराव घरघरला, ॲंटेना फिरवली आणि म्हणाला, “नमस्कार, चारूताई. मी जागा झालो. टपालाची तिजोरी बंद आहे. डॉक्टरबाईंना बोलवावं.”

“तिजोरी कसली? पासवर्ड घाल ना!”

“माझ्याकडे नाही.”

“काल होता!”

“कालही नव्हता.”

तेवढ्यात हिरवा दिवा लागला. उपग्रह आला. चारू पडद्याकडे टक लावून पाहत राहिली. सर्व्हरनं पासवर्ड विचारला. टपालरावानं राखणदाराला विचारलं. राखणदारानं काहीच उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. मग हिरवा दिवा विझला. उपग्रह निघून गेला आणि टपाल किनाऱ्यावरच राहिलं.

चारूनं विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. त्या टपालात कचेरीचं पत्र होतं की नव्हतं?

“पत्र इलां काय गो?” पास्कूकाकानं ओरडून विचारलं.

“नाही आलं!” चारू म्हणाली.

वाक्य खरं होतं. कुणी खोटं पकडू शकलं नसतं. पण खरं बोलूनही लपवता येतं, हे माणसाला फार लहानपणी कळतं आणि बिचाऱ्या यंत्रांना अजून कळलेलं नाही.

फोन वाजला. खालून आत्याचा आवाज आला, “चारू, दिव्याची खेप होऊन गेली ना? पत्र?”

“नाही आलं,” चारू पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज बारीक होता.

“छान! मग मी निवांत रोपं मोजत बसते. आणि ऐक, तुझी ओळ काय सुंदर वाढली आहे गं! कोवळ्या हरणासारखा रंग आलाय. संध्याकाळी फोटो दाखवते.”

चारूनं फोन घट्ट धरला. आत्या हसत होती. खाली, त्या हरणाच्या रंगाच्या रोपांपाशी बसून, तिच्या शब्दावर विसंबून, निवांत.

“आत्या,” चारू म्हणाली. “पत्र आलं नाही असं नाही. आलंय की नाही, तेच माहीत नाही. टपाल उतरलंच नाही. मी टपालरावाला बंद करून चालू केलं.”



“का?”

“पासवर्ड दिसेल म्हणून.”

चारू घाईनं पुढे म्हणाली,

“आत्या, तू वर येऊन पुन्हा खाली जाईपर्यंत किती वेळ जाईल! मला फोनवर सांग ना. मी घालते. कुणाला नाही सांगणार, शपथ.”

“नाही. पास्कू, वर ओढ.”

कप्पी करकरायला लागली. चारूच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या अडचणीतही नाही! माझी ओळ मेली तरी चालेल, पण मला सांगायचं नाही!

आत्या वर आली. रागावली नाही, हे सगळ्यात वाईट झालं. सरळ टपालरावाकडे गेली, चारूकडे पाठ केली आणि टाइप केलं. टपालराव म्हणाला, “तिजोरी उघडली. राखणदार जागा आहे.” मग तिघंही पुढच्या खेपेची वाट पाहत बसले. पास्कूकाकानं पोह्यांची ताटली पुढे केली. कुणी हात लावला नाही.

हिरवा दिवा लागला. टिंग.

कचेरीचं पत्र होतं. पहाटेच निघालेलं. पट्टा वळला होता.

“पास्कू!” आत्या पाणबुडीत शिरली होतीसुद्धा. या वेळी तिनं चारूलाही कप्पीपाशी उभं केलं. खालून ती पाणबुडीच्या यांत्रिक हातानं जाळीची दोरी अडकवी आणि “ओढ” म्हणे. वर पास्कूकाका आणि चारू हातांना फोड येईपर्यंत दोरी ओढत. एकेक ओळ सावलीत जात होती. ऊन डोक्यावर चढत होतं. शेवटची ओळ टोकाची, चारूची. तिच्यावर जाळी पडली तेव्हा पाणी तापायला लागलेलं होतं.

आत्यानं फोटो दाखवला तो ऊन उतरल्यावर. चारूच्या ओळीची बाहेरची कड फिकी पडली होती, दुधात बुडवून काढल्यासारखी.

“मेलं का गं ते?” चारूनं विचारलं.

“नाही. उपाशी पडलंय. रंग देणारं शेवाळ त्याला सोडून गेलंय. पाणी निवलं तर परत येईल. वाट बघायची.” आत्या डेकवर मांडी घालून बसली. “आता बोल. काय झालं ते आधी सांगितलंस. का झालं ते अजून नाही.”

मग चारूनं जपून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. शाब्बासक्या, टपली, पत्र्यावरचा हात, सगळं. शेवटी म्हणाली, “गेल्या वर्षी मला डोळे मिटायला लावायचीस. आणि त्याला पासवर्ड सांगितलास!”

“त्याला?” आत्या हसायला लागली. “अगं, त्याला मी काहीच सांगितलेलं नाही.”

चारूनं टपालरावाकडे पाहिलं. “खरंच तुला माहीत नाही?”

“मी दोनदा सांगितलं होतं, चारूताई,” टपालराव म्हणाला.

“नीट सांगते,” आत्या म्हणाली. “टपालराव करतो त्याला म्हणतात समक्रमण (दोन ठिकाणच्या टपालाचा मेळ घालणं). किनाऱ्यावर काय नवीन आहे, आपल्याकडे काय आहे, ते ताडून बघायचं आणि फरक भरून काढायचा. हे तो पार्श्वभूमीत करतो (पडद्यावर काही न दाखवता, कुणाला न थांबवता, आतल्या आत). ही मोठी सोय आहे. पण अडचणही तिथेच आहे. सर्व्हर पासवर्ड विचारतो तेव्हा सांगायला माणूस हजर नसतं. मग काय करशील?”

“माणसानं हजर राहायचं. गेल्या वर्षीसारखं.”

“गेल्या वर्षी आपली अर्धी टपालं चुकायची. मी पाण्याखाली असले की दिवा येऊन जायचा. तू कितीही ओरडलीस तरी.”

हे खरं होतं. चारू मैत्रिणींना हे सांगायला विसरली होती.

“मग सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा.”

“तेही केलं. दिवाळीत. आणि माझी कशी शोभा झाली माहीत आहे? दक्षिणेकडे दुसऱ्या एका प्रवाळ स्टेशनला नवीन यंत्र बसवायचं होतं. त्यांनी नमुना मागितला. मी माझी सेटिंगची फाइल जशीच्या तशी पाठवून दिली. पासवर्डसकट! त्यांचं उत्तर आलं, ‘मॅडम, फाइल उपयोगी पडली. पासवर्डही छान आहे. पण तो बदलावा ही विनंती.’”

पास्कूकाका खो खो हसला. “आणि बाई दोन दिस जेवाक नाय!”

“हसू नको तू. अगं, फाइलमध्ये पासवर्ड लिहिणं म्हणजे गावाला जाताना घराची किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवणं. अख्ख्या गावाला ठाऊक असतं किल्ली कुठे आहे ते. शिवाय फाइलच्या प्रती निघतात, कुठे कुठे जातात. प्रत्येक प्रतीबरोबर किल्लीही जाते.”

“मग आता कुठे ठेवलास?”

“तिजोरीत. म्हणजे कूटबद्ध फाइलमध्ये (किल्लीशिवाय वाचली तर नुसता अक्षरांचा काला दिसेल, अशी करून ठेवलेली फाइल). तिची किल्ली म्हणजे एक लांब परवलीचं वाक्य. ते फक्त माझ्या डोक्यात आहे. रोज सकाळी चहा घेऊन मी त्याच्यापुढे उभी राहते ना?”

“विचारपूस करतेस.”

“विचारपूस? डब्याची?” आत्या म्हणाली. “तिजोरी उघडते! एकदा ते वाक्य घातलं की राखणदार नावाचा छोटा प्रोग्राम किल्ली आपल्यापाशी धरून ठेवतो, संगणकाच्या चालू स्मृतीत (वीज आहे तोवरच टिकणाऱ्या आठवणीत). मी खाली गेले तरी तो जागा. दिवा लागला की टपालराव त्याला विचारतो, राखणदार तिजोरीतून पासवर्ड काढून देतो, टपालराव तो सर्व्हरला दाखवतो आणि तिथल्या तिथे टाकून देतो.”

“म्हणून फाइलमध्ये ‘राखणदाराला विचार’ लिहिलंय!”

“हां. ती फाइल मी आता खुशाल कुणालाही पाठवीन. त्यात कुठे विचारायचं तेवढं आहे; काय ते नाही.”

चारू विचार करत राहिली. मग हळूच म्हणाली, “आणि मी वीज बंद केली...”

“तेव्हा राखणदाराची आठवण पुसली गेली. तसंच व्हायला हवं. उद्या कुणी टपालरावाला उचलून पळवलं, तर वायर काढताक्षणी तो सगळं विसरेल. चोराच्या हाती लाल डबा. आज तू चोरासारखी तिजोरीची परीक्षा घेतलीस आणि ती पास झाली.”

“मी चोर नाही!”

“तिजोरीला काय कळतं? म्हणून तर ती चांगली.”

टपालराव मधेच म्हणाला, “एक दुरुस्ती करतो. पासवर्ड क्षणभर माझ्या हातातून जातो. मी ठेवून घेत नाही.”

“आणि जो जातो, तोही माझा खरा पासवर्ड नाही,” आत्या म्हणाली. “सर्व्हरकडून मी टपालरावापुरता वेगळा करून घेतलाय. तेवढ्यानं टपाल आणता येतं, बाकी काही बदलता येत नाही. हा कधी समुद्रात पडला तर तेवढाच रद्द करायचा. माझा शाबूत.”

“म्हणजे याला खरा दिलाच नाहीस!” चारूचा चेहरा असा उजळला, की पास्कूकाकानं तोंड फिरवून हसू लपवलं. सगळं विज्ञान एका बाजूला आणि हे समाधान एका बाजूला.

पण एक काटा उरला होता. “मग आज फोनवर मला का नाही सांगितलंस? आज तर गरज होती. माझ्यावर विश्वास नाही म्हणून?”

आत्या गंभीर झाली. “ऐक. आज सांगितलं असतं, तर माझं परवलीचं वाक्य माझ्याखेरीज आणखी एका माणसाला कळलं असतं. पुढे कधी काही बिघडलं, एखादं पत्र हरवलं, कुणी माझ्या नावानं काही भलतं लिहिलं, तर माझ्या मनात पहिलं नाव कुणाचं आलं असतं?”

चारूनं मान खाली घातली.

“मला ते नाव तुझं नको होतं. आजच्यासारखी एखादी खेप चुकली तर चुकू दे. ज्याला माहीत नसतं त्याच्यावर कधी संशय येत नाही. गेल्या वर्षी मी ‘डोळे मीट’ म्हणायचे, ते तुला परकं ठेवायला नाही गं. तुला मोकळं ठेवायला.”

पाणी लोखंडी पायांवर चुबुकचुबुक करत होतं. मग आत्या उठली. “चल. तुझं स्वतःचं टपालखातं काढू. तुझ्या आईबाबांच्या परवानगीचं पत्र घरून आलंच आहे. टपालराव तुझंही टपाल आणील. तिजोरी तुझी वेगळी. वाक्य तू ठरवायचंस.”

“चारू एक दोन तीन!”

“हे तर मीच ओळखलं असतं. नाव नको, वाढदिवस नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घे. लांब हवं, तुला आठवणारं हवं आणि दुसऱ्या कुणालाही सुचणार नाही असं. आणि मोठ्यानं सांगू नकोस.”

चारू टपालरावापुढे उभी राहिली. ओठ हलवत, स्वतःशी हसत, तिनं पुष्कळ वेळ टाइप केलं.

पुढच्या आठवड्यात पाणी निवलं. टोकाच्या ओळीची कड पुन्हा तांबूस दिसायला लागली. एक-दोन रोपं पांढरीच राहिली. आत्याच्या बोलण्यात आता नव्या स्टेशनांच्या गोष्टी येत. उत्तरेला एक, दक्षिणेला आणखी एक, पुढे कधीतरी माणूसच नसलेली, नुसत्या यंत्रांनी चालवलेली. ती यंत्रं माणसांची गुपितं न जाणता माणसांची कामं करतील, असं ती म्हणे. चारू म्हणे, “पण सकाळी तिजोरी उघडायला कुणीतरी लागेलच की!” आत्या म्हणे, “ते कोडं तुझ्यासाठी ठेवलंय.”

रोज सकाळी टपालराव विचारी, “चारूताई, आपली तिजोरी उघडता?” आणि चारू त्याच्या पत्र्यावर थोपटी. शाब्बासकी खर्च केल्यानं संपत नाही, हे तिला हळूहळू पटत होतं.

एका सकाळी टिंग वाजलं. टपालराव म्हणाला, “चारूताई, आपलं पत्र आहे. लांबलचक.”

आत्याचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. “कुणाचं गं?”

“आहे एक मैत्रीण.”

“मला नाही सांगितलंस कधी! काय लिहिलंय एवढं लांबलचक?” आत्यानं मान पुढे केली. “आणि वाक्य तरी काय ठेवलंयस? मी नाही कुणाला सांगणार.”

“माहीत आहे,” चारू म्हणाली.

पास्कूकाका कप्पीपासून ओरडला, “बाई, तोंड कित्याक फुगवलंत?”

चारूनं खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली आणि वळून पाहिलं.

“आत्या,” ती म्हणाली, “डोळे मीट.”